प्रिझर्व्हेटिव्ह हार्मोनसारखं वागतं का, हे तपासतात कसं?

एखादं रसायन शरीरात गेल्यावर इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनसारखं वागतं का, याचं उत्तर शास्त्रज्ञ अनेक दशकं एका फार साध्या मोजमापातून शोधत आले आहेत. ते मोजमाप म्हणजे मादी उंदराच्या गर्भाशयाचं वजन. मादी पिल्लू वयात आलेलं नसतं, तेव्हा त्याची अंडाशयं कामाला लागलेली नसतात. रक्तात स्वतःचं इस्ट्रोजेन नावापुरतं असतं आणि गर्भाशय इतकं बारीक असतं की त्याचं वजन मिलिग्रॅममध्ये मोजावं लागतं. अशा पिल्लाला सलग तीन दिवस तपासायचं रसायन देतात आणि शेवटच्या डोसनंतर २४ तासांनी गर्भाशय काढून काट्यावर ठेवतात. रसायन न दिलेल्या पिल्लांपेक्षा ते ठळकपणे जड भरलं, तर त्या रसायनाने इस्ट्रोजेनचं काम केलं असं धरतात.

१९९८ साली ब्रिटनमधल्या ब्रुनेल विद्यापीठातल्या संशोधकांनी सहकाऱ्यांसोबत पॅराबेन गटातल्या प्रिझर्व्हेटिव्हची, म्हणजे वस्तू खराब होऊ न देणाऱ्या रसायनांची, ही चाचणी घेतली. तोंडावाटे दिलं तर गर्भाशयात काही फरक पडला नाही. त्याच गटातलं ब्युटिलपॅराबेन त्वचेखाली टोचलं तर गर्भाशय वाढलं. प्राणी तोच आणि रसायनांचा गटही तोच, पण उत्तरं दोन निघाली. या दोन उत्तरांचा अर्थ काय लावायचा यावर तेव्हापासून काम चालू आहे. बातम्यांमध्ये मात्र बहुतेक वेळा त्यातलं एकच उत्तर येतं, आणि कुठलं येणार हे बातमी कोणाला हवी आहे त्यावर ठरतं. मला हे खटकतं, कारण 'हार्मोनसारखा परिणाम होतो का' हा मुळात एक प्रश्नच नाही. कुठल्या वाटेने, किती, कुठल्या वयात आणि शरीरात काय मोजलं, असे चार-पाच प्रश्न त्यात गुंफलेले आहेत. ते सुटे केले की वाद बराचसा समजतो.

आधी पॅराबेन म्हणजे काय ते पाहू. पॅरा-हायड्रॉक्सीबेन्झॉइक आम्ल नावाचं एक साधं आम्ल आहे. त्याला कार्बन अणूंची छोटी शेपटी जोडली की पॅराबेन तयार होतं. शेपटीत एक कार्बन असेल तर मिथिलपॅराबेन, दोन असतील तर एथिल, तीनचं प्रोपिल, चारचं ब्युटिल. क्रीम, शाम्पू, औषधी सिरप, काही खाद्यपदार्थ, जिथे जिथे पाणी असतं आणि म्हणून बुरशी आणि जिवाणू वाढू शकतात, तिथे हे पदार्थ जवळपास शंभर वर्षं वापरात आहेत. स्वस्त आहेत, रंग-वास देत नाहीत, आणि फार थोड्या प्रमाणात काम करतात. एवढी वर्षं त्यांच्याविषयी कोणाला विशेष शंका नव्हती, कारण विषारीपणाच्या नेहमीच्या चाचण्यांमध्ये ते निरुपद्रवी ठरत होते. पण त्या चाचण्या यकृत बिघडतं का, प्राणी मरतो का, गाठी होतात का, हे पाहण्यासाठी आखलेल्या होत्या. संप्रेरकांच्या, म्हणजे हार्मोन्सच्या, कामात कोणी ढवळाढवळ करतं का, हा प्रश्न त्यांच्यात विचारलेलाच नव्हता.

यीस्टला विचारलेला पहिला प्रश्न

इस्ट्रोजेन पेशीत काम करतं ते रिसेप्टर नावाच्या प्रथिनामार्फत. या प्रथिनात एक पोकळी असते. इस्ट्रोजेनचा रेणू तिथे जाऊन बसला की प्रथिनाचा आकार बदलतो, ते डीएनएला चिकटतं आणि ठरावीक जनुकं सुरू होतात. अडचण अशी की ही पोकळी फारशी चोखंदळ नाही. ज्या रेणूत फिनॉलचं कडं आहे, म्हणजे सहा कार्बनच्या कड्याला जोडलेला एक ऑक्सिजन-हायड्रोजनचा गट आहे, आणि त्याच्या पलीकडे पाण्याला टाळणारा, तेलकट स्वभावाचा भाग आहे, तो रेणू थोडाफार तरी तिथे शिरू शकतो. पॅराबेनकडे या दोन्ही गोष्टी आहेत.

त्यामुळे पहिली परीक्षा प्राण्यावर नव्हे, यीस्टवर होते. यीस्टला स्वतःचा इस्ट्रोजेन रिसेप्टर नसतो. त्याच्या पेशीत माणसाच्या रिसेप्टरचं जनुक घालतात, आणि सोबत असं दुसरं जनुक, जे सुरू झालं की द्रावणाचा पिवळा रंग लाल होतो. मग रसायन टाकायचं आणि रंगाकडे पाहायचं. १९९८च्या त्या अभ्यासात मिथिल, एथिल, प्रोपिल आणि ब्युटिल, चारही पॅराबेननी रंग बदलला. शेपटी जितकी लांब, तितका परिणाम जास्त. हे रिसेप्टरच्या पोकळीच्या तेलकट स्वभावाशी जुळणारं आहे. पण सगळ्यांत जोरकस ठरलेलं ब्युटिलपॅराबेनसुद्धा शरीरातल्या खऱ्या इस्ट्रोजेनपेक्षा, म्हणजे इस्ट्राडायोलपेक्षा, १०,००० पटीने दुबळं होतं.

संशोधकांनी आणखी एक गोष्ट केली. रिसेप्टर अडवून धरणारं हायड्रॉक्सी-टॅमॉक्सिफेन त्यांनी सोबत टाकलं, तेव्हा पॅराबेनचा परिणाम दबला. म्हणजे रंग दुसऱ्याच कुठल्या कारणाने बदलत नव्हता, रिसेप्टरमधूनच बदलत होता. अशी उलटतपासणी केलेली असली की त्या निष्कर्षावर माझा विश्वास जास्त बसतो.

यीस्टच्या उत्तराला मर्यादा आहे. यीस्टला यकृत नाही, रक्त नाही, त्वचा नाही. रसायन रिसेप्टरपर्यंत पोहोचलं तर काय होईल, एवढंच ते सांगतं. ते पोहोचेल का, हे कळायला अख्खा प्राणी लागतो.

काट्यावर येईपर्यंत

गर्भाशयाच्या वजनाच्या चाचणीला यूटरोट्रॉफिक चाचणी म्हणतात. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००७ मध्ये तिची अधिकृत पद्धत ठरवली. तिचा क्रमांक आहे ४४०. ही चाचणी दोन प्रकारे करता येते. एक म्हणजे वर सांगितलेली वयात न आलेली पिल्लं. दुसऱ्या प्रकारात मोठ्या माद्यांची अंडाशयं शस्त्रक्रियेने काढतात आणि आधीच्या इस्ट्रोजेनचा प्रभाव ओसरून गर्भाशय आकसेपर्यंत थांबतात. प्रयोगशाळेतल्या मोठ्या जातीच्या उंदरांमध्ये, ज्यांना रॅट म्हणतात, त्याला किमान दोन आठवडे देतात. दोन्हींत हेतू एकच आहे: शरीरात स्वतःचं इस्ट्रोजेन नसावं, म्हणजे बाहेरून आलेल्याचं कर्तृत्व उघडं पडेल.

वाचायला सोपी वाटणारी ही चाचणी हाताने करायला मात्र नाजूक आहे. इस्ट्रोजेन मिळालं की गर्भाशयाच्या भिंतीत आधी पाणी भरतं, मग पेशी वाढायला लागतात, आणि पोकळीत द्रवही साठतो. म्हणून वजन दोनदा करतात. आधी आतल्या द्रवासकट, मग गर्भाशयाला छेद देऊन द्रव टिपकागदाने टिपून. कापताना चुकून टोचलं आणि द्रव सांडला, तर पहिलं वजन गेलंच. भोवतालची चरबी नीट सोलली नाही, तर तिचंच वजन 'परिणाम' म्हणून मोजलं जातं. प्रत्येक गटात किमान सहा प्राणी लागतात. एक गट फक्त तेल किंवा जे माध्यम वापरलं असेल ते घेणारा, आणि एक गट एथिनिल इस्ट्राडायोल घेणारा. हे गर्भनिरोधक गोळ्यांतलं कृत्रिम इस्ट्रोजेन आहे. त्याने गर्भाशय वाढायलाच हवं. नाही वाढलं, तर त्या दिवशीची अख्खी चाचणी बाद, कारण इस्ट्रोजेनच ओळखू न शकणाऱ्या चाचणीने दिलेल्या 'परिणाम नाही' या उत्तराला काही किंमत नाही.

दुसऱ्या बाजूनेही चूक होऊ शकते, आणि ती जास्त फसवी आहे. ज्यांना काहीच दिलेलं नाही त्या पिल्लांना नकळत इस्ट्रोजेन मिळत असेल तर? उंदरांच्या तयार खाद्यात बहुधा सोयाबीन असतं, आणि सोयाबीनमध्ये जेनिस्टीनसारखे वनस्पतीजन्य इस्ट्रोजेन असतात. म्हणून खाद्यात अशा पदार्थांचं प्रमाण एका ग्रॅममागे ३५० मायक्रोग्रॅम जेनिस्टीनच्या बरोबरीच्या आत ठेवावं, असं ही पद्धत सांगते. मक्याच्या कणसाच्या बुरकुंडांपासून केलेल्या बिछान्यातही उंदरांच्या प्रजननात अडथळा आणणारे पदार्थ सापडले आहेत. पिंजरा आणि पाण्याची बाटली कशाची आहे, हेही नोंदवावं लागतं. यावर एक अंतर्गत तपास ठेवलेला आहे: काहीच न दिलेल्या पिल्लांचं टिपलेलं गर्भाशय शरीराच्या वजनाच्या ०.०९ टक्क्यांपेक्षा जड भरत असेल, तर कुठूनतरी इस्ट्रोजेन शिरतंय अशी शंका घ्यायची.

ही भीती कल्पनेतली नाही. बॉस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात आना सोतो आणि कार्लोस सोनेनशाईन स्तनाच्या कर्करोगाच्या अशा पेशी वाढवत होते, ज्या इस्ट्रोजेन मिळाल्यावरच भराभर वाढतात. एकदा त्या इस्ट्रोजेन न देताच वाढू लागल्या. शोध घेत घेत गाडी प्लास्टिकच्या परीक्षानळ्यांपाशी येऊन थांबली. नळ्यांमधून नोनिलफिनॉल नावाचा पदार्थ पाझरत होता. हे त्यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलं. संप्रेरकांसारखं वागणाऱ्या रसायनांकडे जगाचं लक्ष वळवणाऱ्या घटनांमध्ये ही एक मानली जाते. काहीच न दिलेल्या पेशींकडे दोघांनी दुर्लक्ष केलं असतं, तर तो शोध हातातून गेला असता.

तोंड, त्वचा आणि यकृत

आता त्या दोन उत्तरांकडे वळू. तोंडावाटे दिलेलं पॅराबेन आतड्यातून थेट यकृतात जातं. आतड्याच्या भिंतीत आणि यकृतात एस्टरेज नावाची विकरं (एन्झाइम) असतात, ती पॅराबेनची शेपटी तोडून टाकतात. उरतं ते मूळ आम्ल. यीस्टच्या चाचणीत या आम्लाने काहीच परिणाम दाखवला नव्हता. त्यामुळे तोंडावाटे दिल्यावर गर्भाशय हललं नाही यात आश्चर्य नाही. त्वचेखाली टोचलेलं रसायन मात्र यकृताला वळसा घालून आधी रक्तात मिसळतं, आणि शेपटी शाबूत असताना गर्भाशयापर्यंत पोहोचू शकतं.

मग खरं उत्तर कुठलं? इथे बरेच लेख 'तोंडावाटे निरुपद्रवी' म्हणून थांबतात. पण क्रीम आपण खात नाही, त्वचेवर लावतो. आणि त्वचेवर लावणं हे ना खाण्यासारखं, ना टोचण्यासारखं. त्वचेतही एस्टरेज असतात, बराचसा भाग तिथेच तुटतो. काही भाग न तुटता आत जातो. डेन्मार्कमध्ये २६ निरोगी तरुणांवर हे तपासलं गेलं. पहिला आठवडा साधं क्रीम, दुसरा आठवडा २ टक्के ब्युटिलपॅराबेन आणि दोन थॅलेट रसायनं घातलेलं क्रीम, रोज सर्वांगाला. काही तासांतच त्यांच्या रक्तात न तुटलेलं ब्युटिलपॅराबेन दिसलं. संप्रेरकांच्या पातळ्यांमध्ये काही किरकोळ फरक आढळले, पण ते या रसायनांमुळे झाले असं संशोधकांना वाटलं नाही. हे तरुण प्रौढ पुरुष होते आणि प्रयोग आठवड्याचा होता. बाळांबद्दल किंवा वर्षानुवर्षांच्या वापराबद्दल या प्रयोगातून काही म्हणता येत नाही.

एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो आणि तो क्वचितच सांगितला जातो. उंदराच्या रक्तद्रवात पॅराबेन तोडणारं कार्बॉक्सिलएस्टरेज विकर असतं. माणसाच्या रक्तद्रवात ते नसतं. यकृतात आहे, पण रक्तात नाही. म्हणजे त्वचेतून रक्तात आलेलं पॅराबेन उंदराच्या शरीरात जितक्या झटपट नष्ट होतं, तितक्या झटपट आपल्या शरीरात होईलच असं नाही. प्राण्यावरची चाचणी नेहमी धोका फुगवून दाखवते असा समज आहे. इथे ती कमी दाखवण्याची शक्यता आहे.

किती म्हणजे किती

त्वचेखाली टोचलेल्या ब्युटिलपॅराबेनने गर्भाशय वाढवलं खरं, पण इस्ट्राडायोलपेक्षा ते साधारण १,००,००० पटीने दुबळं होतं. डोस शरीराच्या दर किलोमागे शेकडो मिलिग्रॅमच्या घरातले होते. रोजच्या वापरात कोणाच्याही अंगात एवढं जात नाही. 'हार्मोनसारखा परिणाम दिसला' आणि 'आपल्याला धोका आहे' यांच्यामध्ये हे अंतर आहे.

हे अंतर मोजायची पद्धत एकदा आकडे घालूनच पाहावी. युरोपीय आयोगाच्या ग्राहक सुरक्षा वैज्ञानिक समितीने केलेला हिशेब असा. एखादी व्यक्ती सगळी सौंदर्यप्रसाधनं मिळून दिवसाला १७.४ ग्रॅम वापरते असं धरा. त्यात ०.१९ टक्के ब्युटिलपॅराबेन आहे, म्हणजे साधारण ३३ मिलिग्रॅम. त्यातलं ३.७ टक्के न तुटता आत गेलं, म्हणजे सुमारे १.२ मिलिग्रॅम. व्यक्तीचं वजन ६० किलो, म्हणजे किलोमागे रोज ०.०२ मिलिग्रॅम. नवजात उंदरांना ब्युटिलपॅराबेन टोचून केलेल्या एका अभ्यासात किलोमागे २ मिलिग्रॅमला काही परिणाम दिसला नव्हता. दोन्हींमध्ये जवळपास १०० पटींचं अंतर. प्राण्यापासून माणसापर्यंत येताना दहा पट, आणि माणसा-माणसांतल्या फरकासाठी आणखी दहा पट, असं शंभर पटींचं अंतर ठेवण्याची जुनी रीत आहे. ०.१९ टक्के ही मर्यादा समितीने या हिशेबातूनच सुचवली.

हिशेब पाहिला की त्यातल्या कमकुवत जागाही दिसतात. ३.७ टक्के हा आकडा बदलला, तर सगळं बदलतं. लहान मुलांमध्ये, विशेषतः लंगोटाखालच्या ओलसर, रॅश आलेल्या त्वचेतून, जास्त आत जाऊ शकतं. म्हणून युरोपने तीन वर्षांखालील मुलांच्या त्या भागावर लावून ठेवायच्या उत्पादनांत प्रोपिल आणि ब्युटिलपॅराबेनला बंदी घातली. मिथिल आणि एथिल तिथे चालू राहिली, कारण त्यांची शेपटी आखूड आणि परिणाम त्याहून खूप दुबळा. आयसोप्रोपिल, आयसोब्युटिल, फिनाइल, बेन्झिल आणि पेंटिल या पाच पॅराबेनवर २०१४ मध्ये सरसकट बंदी आली. त्यांच्याबद्दल सुरक्षिततेची पुरेशी माहितीच उद्योगाने दिली नव्हती. 'पॅराबेन चांगलं की वाईट' असं एका श्वासात विचारणारा माणूस या सगळ्या फरकांवर बोळा फिरवतो.

गर्भाशयाला न दिसणारं

गर्भाशयाचं वजन इस्ट्रोजेन रिसेप्टरबद्दल सांगतं. पुरुषी संप्रेरकांना कोणी अडवत असेल, तर त्याचा पत्ता तिथे लागत नाही. त्यासाठी हर्शबर्गर चाचणी आहे: वृषण काढलेल्या नर उंदरांना टेस्टोस्टेरॉन देतात, सोबत रसायन देतात, आणि प्रोस्टेट, शुक्राशय अशा पाच अवयवांची वाढ खुंटते का ते वजनाने पाहतात. या दोन्ही चाचण्या फक्त एवढंच सांगतात की रसायन शरीरात संप्रेरकांच्या यंत्रणेला स्पर्श करू शकतं. त्यातून इजा होते का, हा पुढचा प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२च्या व्याख्येत हा फरक नेमका धरलेला आहे. रसायनाने संप्रेरकांचं काम बदललं पाहिजे, आणि त्या बदलामुळे अख्ख्या जिवाचं किंवा त्याच्या संततीचं नुकसान झालं पाहिजे. दोन्ही सिद्ध झालं, तरच त्याला संप्रेरक-व्यवस्था बिघडवणारं म्हणायचं.

नुकसानाच्या शोधातच सगळ्यांत मोठा वाद झाला. २००१ आणि २००२ मध्ये जपानमध्ये कोवळ्या नर उंदरांना ब्युटिल आणि प्रोपिलपॅराबेन खाद्यातून दिलं गेलं. शुक्राणूंची निर्मिती घटली, तीही किलोमागे दहा मिलिग्रॅमच्या आसपासच्या कमी डोसला. याचे पडसाद दूरवर उमटले. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २००४ मध्ये मिथिल आणि एथिलपॅराबेनसाठी मिळून किलोमागे रोज १० मिलिग्रॅमपर्यंतचं सेवन स्वीकारार्ह ठरवलं, पण प्रोपिलला त्यात घेतलं नाही. २००६ मध्ये युरोपात प्रोपिलपॅराबेन खाद्यपदार्थांतून काढून टाकलं गेलं. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाने तर २०२३ मध्ये कायदा करून २०२७पासून खाद्यपदार्थांत त्यावर बंदी ठरवली.

दरम्यान ते प्रयोग पुन्हा केले गेले. २००८ मध्ये ब्युटिल आणि मिथिलपॅराबेनचा, २०१३ मध्ये प्रोपिलपॅराबेनचा. दुसऱ्यात तर डोस किलोमागे १,००० मिलिग्रॅमपर्यंत नेला. शुक्राणूंवर काही परिणाम दिसला नाही. आता हे नवे प्रयोग जास्त काटेकोर नियमांनुसार झाले होते, आणि त्यांतले काही उद्योगाच्या पुढाकारातून आले होते. ज्याला जे पटवून घ्यायचं होतं त्याने तेवढंच उचललं. मला स्वतःला प्रौढत्वाकडे निघालेल्या नरांबाबतचे नवे प्रयोग जास्त भरवशाचे वाटतात. पण गोष्ट तिथे संपत नाही, कारण त्या उंदरांना रसायन मिळालं ते दूध सुटल्यानंतर. प्रजनन अवयवांची घडण त्याच्या बरीच आधी, आईच्या पोटात, झालेली असते.

२०१६ मध्ये डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातल्या गटाने नेमका तो काळ निवडला. गाभण माद्यांना ब्युटिलपॅराबेन तोंडावाटेच दिलं, किलोमागे १०, १०० आणि ५०० मिलिग्रॅम, आणि पिल्लं दूध पीत होती तोवर चालू ठेवलं. नर पिल्लं मोठी झाल्यावर त्यांचे शुक्राणू तिन्ही डोसना कमी निघाले. वरच्या दोन डोसना पिल्लांमध्ये जननेंद्रिय आणि गुदद्वार यांच्यातलं अंतरही घटलं होतं. हे मोजमाप विचित्र वाटेल, पण फार उपयोगी आहे. नर पिल्लात हे अंतर मादीच्या जवळपास दुप्पट असतं आणि ते गर्भात मिळालेल्या पुरुषी संप्रेरकावर ठरतं. नर पिल्लात ते आखूड झालं, तर गर्भातच संप्रेरकांत काहीतरी घडलं याची खूण कायमची शरीरावर राहते. युरोपीय रसायन संस्थेने २०२० मध्ये ब्युटिलपॅराबेनला माणसाच्या संप्रेरक-व्यवस्थेवर परिणाम करणारा म्हणून अतिचिंताजनक पदार्थांच्या यादीत घातलं. तोंडावाटे गर्भाशय न हलवणाऱ्या रसायनाने तोंडावाटेच गर्भावर खूण उमटवली, हे मला या सगळ्या संशोधनातलं सगळ्यांत बोलकं सत्य वाटतं. चाचणी खोटी नव्हती. तिला विचारलेला प्रश्न छोटा होता.

स्तनाच्या कर्करोगाची बातमी

२००४ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांना स्तनाच्या २० गाठींमध्ये न तुटलेली पॅराबेन सापडली, आणि काखेत लावायच्या उत्पादनांविषयी जगभर घबराट पसरली. या अभ्यासात निरोगी स्तनांच्या ऊतींशी तुलना नव्हती. ज्यात ऊतीच नव्हती अशा कोऱ्या नमुन्यांमध्येही थोडी पॅराबेन आढळली होती. त्याच संशोधनधारेतून २०१२ मध्ये ४० स्त्रियांचे १६० नमुने तपासले गेले. १५८ नमुन्यांत पॅराबेन होती, आणि त्या ४० पैकी ज्या सात जणींनी काखेत कधीच काही लावलं नव्हतं, त्यांच्यातही होती. म्हणजे पॅराबेन शरीरात पोहोचतात हे पक्कं, पण काखेतूनच येतात असं नाही. आणि सापडणं म्हणजे गाठ त्यांनी केली असं तर मुळीच नाही. अमेरिकेत तपासलेल्या लोकांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांच्या लघवीत मिथिलपॅराबेन सापडतं. जवळपास सगळ्यांमध्येच असलेली गोष्ट एखाद्या आजाराचं कारण आहे का, हे फक्त ती सापडण्यावरून कधीच कळत नाही.

एकत्र आल्यावर

आतापर्यंत आपण एकेका रसायनाचा विचार केला. शरीरात ती एकेकटी येत नाहीत. लंडनच्या संशोधकांनी २००२ मध्ये आठ दुबळे इस्ट्रोजेन निवडले, प्रत्येकाचं प्रमाण असं ठेवलं की एकट्याने यीस्टवर परिणाम दिसू नये, आणि मग आठही एकत्र टाकले. परिणाम स्पष्ट दिसला. पुढे उंदरांच्या गर्भाशयाच्या चाचणीतही मिश्रणांची बेरीज होते हे दिसलं. याहून चकवणारं उदाहरण ट्रायक्लोसानचं आहे. हेही जंतू मारणारं रसायन, आणि तेही प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून वापरलं जातं. उंदरांच्या पिल्लांना ते एकटं दिलं तेव्हा गर्भाशय वाढलं नाही. एथिनिल इस्ट्राडायोलसोबत दिलं, तेव्हा त्या इस्ट्रोजेनचा परिणाम वाढला. नेहमीच्या चाचणीत ट्रायक्लोसान इस्ट्रोजेनसारखं नाही असंच उत्तर मिळालं असतं, आणि ते उत्तर चुकीचंही म्हणता आलं नसतं.

पॅराबेन काढल्यावर त्यांच्या जागी काय येतं, याकडेही पाहायला हवं. पाणी असलेल्या क्रीममध्ये प्रिझर्व्हेटिव्ह नसेल तर जिवाणू वाढतात, आणि डोळ्यांच्या किंवा जखमेच्या आसपास लावायच्या वस्तूत त्यांचा धोका खरा आणि तात्काळ असतो. पॅराबेनला पर्याय म्हणून मिथिलआयसोथायाझोलिनोनचा वापर वाढला, तसे त्वचेच्या ॲलर्जीचे रुग्णही झपाट्याने वाढले. त्वचेच्या ॲलर्जीवर काम करणाऱ्या अमेरिकी डॉक्टरांच्या संस्थेने २०१३ मध्ये त्याला 'वर्षातलं ॲलर्जीकारक' ठरवलं. युरोपने ते अंगावर लावून ठेवायच्या उत्पादनांतून बाद केलं. त्याच संस्थेने २०१९ मध्ये पॅराबेनना 'वर्षातलं ॲलर्जी न करणारं' म्हटलं. संप्रेरकांचा प्रश्न सुटला होता म्हणून नव्हे, तर ॲलर्जीच्या बाबतीत पॅराबेन खरोखरच सौम्य आहेत म्हणून.

नव्या पर्यायांची चाचणी मात्र आता पूर्वीसारखी होणार नाही. युरोपात २०१३ पासून सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचणी केलेले घटक विकायला पूर्ण मनाई आहे, आणि मला ती मनाई योग्य वाटते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१५ मध्ये पेशींवरच्या १८ स्वयंचलित चाचण्या आणि संगणकाचं प्रारूप एकत्र करून गर्भाशयाच्या वजनाच्या चाचणीऐवजी ते स्वीकारायला सुरुवात केली. रिसेप्टरला कोण हात लावतं, हे ओळखण्यात ती जोडी चांगली ठरते. पण शेपटी तुटण्याआधी रसायन गर्भापर्यंत पोहोचतं का, आणि तिथल्या नेमक्या त्या काही दिवसांत काय बिघडवतं, हे पेशींच्या तबकडीत दिसत नाही. डॅनिश अभ्यासात जे सापडलं ते गाभण मादी आणि तिची मोठी झालेली पिल्लं यांच्याशिवाय सापडलं नसतं. प्लॅसेंटाच्या पेशी, यकृताच्या पेशी आणि रक्तातल्या प्रमाणाचं गणित जोडून ही जागा भरण्याचे प्रयत्न आता चालू आहेत.